चोवीस बैल आणि एक बशा

सासऱ्यांनी बैल आणायला पाठवलं आणि मी बशा घेऊन आलो.

ज्यांनी कधी शेती केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बशा म्हणजे खांद्यावर जू ठेवलं की खाली बसणारा बैल. त्याला ओढा, ढकला, शेपूट पिरगाळा, पुढं हिरवीगार कणसं धरा. तो तुमच्याकडं मोठ्या मायेनं बघतो, रवंथ करतो आणि जू काढलं की उठतो. दिसायला मात्र माझा बशा देखणा होता. पांढराशुभ्र, भरलेलं वशिंड, काजळ घातल्यासारखे डोळे. बाजारात त्याच्या शेजारी उभे असलेले बैल कारकून वाटत होते.

कारकून मीही होतो. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती, मी जिंतूरच्या तहसील कचेरीत नवा नवा लागलो होतो, आणि लग्नाला वर्षही पुरं झालं नव्हतं. बायको तिच्या माहेरी, पेडगावला होती. जिंतुरात मी खोली घेतली होती. पेरण्या उरकल्या की तिनं यायचं आणि आमचं बिऱ्हाड मांडायचं असं ठरलेलं. त्यातच वैशाखात सासऱ्यांचा पाय विहिरीच्या पायरीवर मुरगळला. जोडीतला एक बैल आधीच गेला होता, मृग तोंडावर आलेला. मी पाहुणा म्हणून जेवायला बसलो होतो. पोट भरलं की माझ्या अंगात शौर्य येतं. मी म्हणालो, "मामा, मी जातो की बाजाराला."

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातावर उपरणं टाकतात, आणि त्याच्याखाली बोटं दाबून सौदा होतो. कुठल्या बोटाचा अर्थ काय, हे मला ठाऊक नव्हतं आणि ते विचारायची लाज वाटली. बैलांचा व्यापारी, ज्याला आमच्याकडं हेडी म्हणतात, त्यानं उपरण्याखाली माझी तीन बोटं दाबली. मीही शिष्टाचार म्हणून त्याची तीन दाबली. सौदा झाला होता. किंमत मी आजही कुणाला सांगत नाही.

पण खरी गंमत त्याच्या बोलण्यात होती. तो म्हणाला होता, "पाव्हणं, खोटं बोलून म्या कुठं जाऊ? बैल मारका न्हाई. लेकरानं शिंगं धरावी. दावं तोडून जानार न्हाई. एका जागी दोन वक्ताचं खाईल, पर तकरार न्हाई."

पुढं महिनाभर मी हे शब्द आठवून आठवून तपासले. एकही खोटा नव्हता. बैल मारका नव्हता, पळत नव्हता, आणि एका जागी तर इतका होता की विचारू नका. निव्वळ खरं बोलून माणसाला इतकं गंडवता येतं हे पाहून मी रागावायचं विसरूनच गेलो. त्या हेड्याची आठवण झाली की अजून मनातल्या मनात हात जोडले जातात.

सासरे काही हात जोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करून पेरणी उरकली आणि मला समोर बसवून शांतपणे म्हणाले, "जावईबापू, राग धरू नका. पर चार पायावर उभं असल्यालं ज्याला कळंना, त्याच्या हवाली लेक कशी करू? जिंतुरात तर दोन पायावर उभी असल्याली लबाडं लय. राहू द्या तिला हितंच. पोळ्याला या, मंग बघू."

बायकोनं ट्रंक भरून ठेवली होती. निघताना दाराआडून तिनं विचारलं होतं, "खोलीत चूल कुठं हाय? दारापाशी का खिडकीपाशी?"

मी म्हणालो, "खिडकीपाशी."

खोलीला खिडकी नव्हती.

जिंतूरला परतलो तो त्या हेड्याला डोक्यात घेऊनच. कचेरीत बसल्या बसल्या मला दिसायचं ते उपरणं, ती बोटं, तो निर्मळ चेहरा. आणि एक दिवस, डोक्यात काय आलं कोण जाणे, मी ठरवलं की या बाजाराचा खेळ करायचा. घोंगडीवर मांडता येईल असा. तो घेऊन पोळ्याला पेडगावी जायचं, सासऱ्यांना त्यांच्याच विषयात हरवायचं, आणि बायकोला घेऊन यायचं. बेत असा झकास होता की त्यात मूर्खपणा कुठं आहे ते मला पोळ्यापर्यंत दिसलं नाही.

आमच्या कचेरीत साहेबांपुढं कागद मांडणारे एक म्हातारे पेशकार होते. सगळी हयात उर्दू कागदांत गेलेली. आता कारभार मराठीत येऊ लागला होता आणि ते या वयात पाटीवर बाराखडी गिरवत होते. त्यांच्या कपाटात जुन्या छापील कागदांचे आणि जाड पुठ्ठ्याच्या फाइलींचे गठ्ठे पडून होते. मी भीतभीत त्यातल्या थोड्या फाइली मागितल्या.

"ले जाव," ते म्हणाले. "अब इनको पूछता कौन?"

मी पुठ्ठे तळहाताएवढे कापले आणि पहिला बैल काढला. पेशकारांनी चष्मा वर करून तो पाहिला.

"हौ मियाँ, ये बैल है कि तिपाई?"

मोजून पाहिलं तर खरोखरच एक पाय राहिला होता. त्यांनी माझ्या हातातून पुठ्ठा घेतला, बोरू शाईत बुडवला, आणि मी जे पाहिलं ते सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही. शिंगाच्या टोकापासून सुरू झालेली रेघ वशिंडावरून पाठीवर गेली, शेपटीशी वळली, पायांतून खालीवर फिरली आणि परत शिंगाला येऊन मिळाली. बोरू मध्ये एकदाही उचलला नाही. पुठ्ठ्यावर बैल उभा होता आणि आता मान हलवील असं वाटत होतं. चाळीस वर्षं ज्या हातानं फक्त अर्ज आणि हुकूम लिहिले, त्या हातात एवढे दिवस हा बैल कुठं बांधलेला होता? पेशकार स्वतःच पुठ्ठ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "इतनी उमर कागज काले किये मियाँ, बैल आज पहली बार निकला."

मग ते थांबेनात. पांढरा, तांबडा, काळा आणि बांडा, म्हणजे चट्ट्यापट्ट्यांचा, असे चार रंग. प्रत्येक रंगात वयाप्रमाणं दोनदाती, चारदाती आणि सहादाती. आणि प्रत्येकाचे दोन दोन, म्हणजे जोडी जमावी. झाले चोवीस. पंचविसावा बशा. तो त्यांनी बसलेला काढला, आणि चेहरा थोडा माझ्यासारखा काढला असं आमच्या कचेरीत सगळ्यांचं मत पडलं.

खेळ असा होता. चौघांत सगळे बैल वाटायचे. ज्याच्या आधी तीन जोड्या जमतील तो जिंकला, आणि त्या वेळी ज्याच्या हातात बशा असेल त्यानं डोक्यावर रुमाल टाकून सगळे उठ म्हणेपर्यंत बसून राहायचं. आपल्या पाळीला एक बैल पालथा पुढं सरकवायचा आणि तो कोण आहे ते सांगायचं, खरं किंवा खोटं. समोरच्याला पटलं तर त्यानं 'मानलं' म्हणून घ्यायचा आणि आपला एक बदल्यात द्यायचा. नाही पटलं तर म्हणायचं, 'दात दाव.' मग बैल उलटायचा. खोटं सापडलं तर बोलणारा एक फेरी गप्प. खरं निघालं तर शंका घेणारा गप्प, आणि बैलही त्याच्याच गळ्यात.

पहिल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही खेळायला बसलो आणि खेळ माझ्या बशासारखा जागेवर बसला. ज्याला त्याला आपल्या सोयीच्या माणसाशीच सौदा करायचा होता. कुणी खोटं बोलायलाच तयार होईना. पेशकार विचारात पडले. म्हणाले, "अपनी मर्जी से बेचेंगे तो झूठ कायको बोलेंगे? मजबूर करो, मियाँ."

त्यांनीच चार चिंचोके फोडले. फोडलेली बाजू पांढरी, पाठ काळी. ते फेकायचे. एक पांढरा पडला तर डावीकडच्याशी सौदा, दोन पडले तर समोरच्याशी, तीन पडले तर उजवीकडच्याशी. चारही पांढरे आले तर आपल्या मनाला येईल त्याच्याशी. आणि एकही नाही, तर पाऊस आला, बाजार मोडला.

काय सांगू! एवढ्या चार चिंचोक्यांनी खेळात जीव आला. आमचे नाझर, साहेबांपुढं उभे राहिले की ज्यांचे पाय थरथरत, ते सहादाती म्हणून दोनदाती असा काही गळ्यात मारू लागले की ऐकत राहावं. दप्तर सांभाळणारा, जो दिवसभरात चार वाक्यं बोलायचा, तो बैलाच्या आईची कुळी सांगू लागला. बाहेर पत्र्यावर पाऊस पडत होता आणि आत माझ्या डोळ्यांपुढं पुठ्ठ्याचे तुकडे हंबरत होते. हे मी केलं? माझ्याच्यानं खरं वाटेना. बरं, मी एकट्यानं केलंच नव्हतं. पण तेवढा नम्रपणा मला त्या वयात परवडत नव्हता.

पोळ्याला सकाळीच पेडगावला पोचलो. परभणीपर्यंत मोटार, पुढं एका गाडीवाल्यानं घेतलं. सासऱ्यांच्या दारात बैल धुऊन बांधले होते, आणि त्यात माझा बशाही होता. चकचकीत न्हालेला, ऐटीत बसलेला.

"मामा, विकला नाही अजून?" मी विचारलं.

"विकायचा तर बोलावं लागंल न्हवं," सासरे म्हणाले. "बसतो म्हनून सांगितलं तर कुनी घीना, आन् न्हाई सांगितलं तर मला झोप लागंना. राहू द्या. सन त्याला बी हाय."

बैलांना रंगवायला अवकाश होता. गेरू भिजत पडला होता, चुलीवर पुरणाची डाळ शिजत होती. मी घोंगडी अंथरली, खेळ काढला आणि सगळे बैल एकदा उलटेसुलटे करून दाखवले. सासरे, सासूबाई आणि मी. चौथी म्हणून बायको उंबऱ्याशी टेकून बसली. माहेर तिचं होतं, तिला कुणाची चोरी नव्हती.

पहिल्या डावात सासऱ्यांनी मला असं धुतलं की पोळ्याला आंघोळ बैलांची होती की माझी ते कळेना. मी बैल पुढं सरकवायचो, सांगायचो, "काळा, सहादाती." ते माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. "बांडा हाय. दात दाव." उलटावा तर बांडा. दुसऱ्या वेळी मी खरं बोललो. "मानलं," ते लगेच म्हणाले. आणि स्वतःच्या पाळीला ते फक्त खरं बोलायचे. "बशा हाय, घेऊ नका," म्हणून त्यांनी माझ्यापुढं एक बैल सरकवला. मी मनात हसलो. बशा हातात आल्यावर कुणी असं सांगतं का? मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "दात दाव!" बशाच होता.

सासूबाईंचं निराळंच चाललं होतं. त्यांना एक तांबडा बैल आवडला होता आणि तो त्या काही केल्या सोडेनात. "त्यो न्हाई द्यायचा. त्याचा चेहरा आमच्या गेलेल्या बैलावानी हाय," म्हणाल्या. पेशकारांनी आयुष्यात पेडगाव पाहिलं नव्हतं.

बायको तर कहर करत होती. जिनं वर्षात मला एक खोटा शब्द ऐकवला नव्हता ती पदर सावरत सांगायची, "पांढरा हाय, चारदाती," आणि मी विश्वासानं घेतला की बशा निघायचा. मी काही सांगितलं की तिला मात्र लगेच कळायचं. एकदा ती आईकडं बघून म्हणाली, "दात दाव म्हनावं. चुलीचं सांगताना बी असाच चेहरा झाला हुता ह्यांचा."

खिडकीचं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तीन डाव झाले. तिन्ही सासऱ्यांनी जिंकले. शेवटी मी हात जोडून विचारलं, "मामा, तुम्हाला कळतं तरी कसं?"

त्यांनी पंचवीसच्या पंचवीस पुठ्ठे पालथे मांडले आणि बोट ठेवत गेले. "ह्याला दोऱ्याचं भोक हाय, हा बांडा. ह्याला लाल शाईचा डाग, काळा सहादाती. ह्याचा कोपरा वाळवीनं खाल्ला, पांढरा. आन् ह्यो मळका पट्टा असल्याला तुमचा बशा." सगळे उलटले. एकही चुकला नव्हता. "बैल काय तोंडावरनंच वळखायचा असतो व्हय? शंभर बैल पाठमोरे पान्यावर गेले तर आपला कोन्ता, ते कळाया नको?"

मी सुन्न झालो. दीड महिना त्या पुठ्ठ्यांशी खेळलो होतो. कचेरीतल्या चार लिहित्या-वाचत्या माणसांपैकी एकानंही त्यांच्या पाठी पाहिल्या नव्हत्या. मी तर नाहीच. आणि या माणसानं, ज्याला अक्षर येत नव्हतं, पहिला डाव संपायच्या आत सगळा कळप ओळखून ठेवला होता. सांगण्यासारखं एवढंच, की त्या क्षणी मला हरल्याचं दुःख झालं नाही. एखाद्या देवळात उभं असल्यासारखं वाटलं.

पण बायको उंबऱ्याशी होती, आणि तिच्या मागं कोपऱ्यात ती ट्रंक दिसत होती. मी म्हणालो, "मामा, आणखी एकच डाव."

सासरे हसले. पहिल्यांदाच. "बरं. एकदा तुमी माज्या गळ्यात बशा बांधला, तो नकळत. आता जानून बांधून दावा. डाव संपताना बशा माज्या हातात असंल, तर परवाच लेकीला घिऊन जा. नसंल, तर दिवाळीला या."

सासरे आणि मी बैलांना वैरण टाकायला गेलो. परत आलो तो घोंगडीवर पंचवीस पुठ्ठे लालभडक होऊन वाळत पडले होते. बायकोनं गेरूचं बोळकं घेऊन सगळ्यांच्या पाठी रंगवून काढल्या होत्या. डाग झाकलेले, भोकं गेरूच्या चिखलानं बुजलेली, आणि वाळवीनं खाल्लेल्या कोपऱ्यासारखे सगळ्यांचेच कोपरे कातरलेले.

"आगं, हे काय केलंस?" सासरे म्हणाले.

"पोळा हाय न्हवं? ह्यास्नीच तेवढं बिनरंगाचं काहून ठेवावं?" तिनं सांगितलं आणि डाळ उतरवायला आत गेली. मी तिच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. काही म्हणजे काही दिसलं नाही. त्या चेहऱ्यासमोर माझा हेडी कच्चा होता.

मी घाईनं पुठ्ठे गोळा करून वाटले. प्रत्येकी बरोबर सहा आले. खरं तर एकाला सात यायला हवे होते. पण मला वाटलं, मोजण्यात चूक झाली असेल. मी सरकारी कचेरीत होतो, असल्या चुकीनं मला धक्का बसत नसे.

त्या डावात सासरे पहिल्यांदाच माणसांच्या तोंडाकडं बघू लागले. आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे बशा कुणाकडं आहे तेच कळेना. माझ्याकडं नव्हता. सासूबाई सासऱ्यांकडं संशयानं बघत होत्या, सासरे लेकीकडं, लेक माझ्याकडं. जो तो 'दात दाव' म्हणायचा आणि निघायचा साधा बैल. मी दोनदा खोटं बोललो, दोनदा सापडलो. शेवटी खोटं बोलायचा कंटाळा आला. मी चिंचोके फेकले. दोन पांढरे, म्हणजे समोर सासरे. हातातला एक तांबडा, चारदाती, मला नको होता. मी तो सरळ पुढं सरकवला.

"तांबडा, मामा. चारदाती."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. चांगला वेळ घेतला. बाजारात बैलाचं तोंड उघडून दात बघतात तसं. मग म्हणाले, "मानलं," आणि बदल्यात आपला एक माझ्याकडं टाकला.

त्यांनी पुठ्ठा उलटला. तांबडा, चारदाती. "झाली तिसरी जोडी," म्हणून त्यांनी तो जोडीदाराशेजारी खाली आपटला. आपटल्याबरोबर त्याच्या पाठीवरून आणखी एक पुठ्ठा चरचरत सुटला आणि घोंगडीवर पडला.

बशा. गेरू ओला असताना मी घाईनं गोळा केला, आणि तो तांबड्याच्या पाठीला चिकटून डावभर माझ्याच हातात बसून राहिला होता.

बाहेर खरा बशा घंटा हलवत होता. सासऱ्यांनी दोन्ही पुठ्ठे उचलून पाहिले, मग मला विचारलं, "जानून बांधायचं ठरलं हुतं. तुमाला ठाव हुतं का?"

बायको दाराशी आली होती. हातात पुरणाचं उलथणं.

मी म्हणालो, "होतं, मामा."

आयुष्यातलं ते माझं सगळ्यांत कच्चं खोटं. कान गरम झालेले मला कळत होतं. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, कोपऱ्यातल्या ट्रंकेकडं पाहिलं. 'दात दाव' म्हणायला त्यांचं तोंड उघडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या डोक्यावर टाकला, आणि घोंगडीवर बशासारखे नीट बसले.

"मानलं," ते रुमालाखालून म्हणाले. मग लेकीला हाक मारून सांगितलं, "जा पोरी, परवा जा. पर बाजाराला तू जात जा. ह्यास्नी घरीच बांधून ठिव."